एकच प्रत

फोटो हलवायचा नसतो, हे मी आजवर निदान पन्नास जणांना सांगितलं असेल. ऐकलं कुणीच नाही. काढल्या काढल्या फोटो हातात देणाऱ्या माझ्या कॅमेऱ्यातून पांढरा कागद ‘घर्र’ करत बाहेर आला रे आला, की समोरचा तो ओढून घेतो आणि उदबत्ती विझवावी तसा हलवायला लागतो. पोलरॉइड कंपनीच्या असल्याच फार जुन्या कॅमेऱ्यांचा फोटो सोलून काढावा लागे, तो ओलसर असे, म्हणून लोक वाळवत. आता सगळं बंद पाकिटात. खालच्या जाड पांढऱ्या कडेत रसायनाची पुडी असते. कॅमेऱ्यातले रूळ ती फोडतात आणि लाटण्याखाली पीठ पसरावं तसं रसायन फोटोभर पसरवतात. त्यात आपल्या हाताचं काही काम नाही.

हे सगळं म्हणे घाईतून जन्माला आलं. 1943 साली पोलरॉइडचा संस्थापक एडविन लँड याच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, फोटो आत्ताच का नाही बघता येत? पाच वर्षांनी, नोव्हेंबर 1948 मध्ये, बॉस्टनच्या एका दुकानात पहिला पोलरॉइड विक्रीला आला. माझा कॅमेरा, म्हणजे इन्स्टॅक्स मिनी, चित्र उमटायला दीड मिनिट घेतो. फोनवाल्या माझ्या भाच्याला तेवढ्यात दोनदा जांभई येते.

मागच्या गणपतीत कॅमेरा गावी नेला. फिल्मचं नवं पाकीट घातलं की आधी एक काळं झाकण बाहेर येतं. काकांनी ते गंभीरपणे हातात धरून दोन मिनिटं वाट पाहिली. “लाइट गेले होते का गं?” मग भाच्याने ‘किती उरलेत बघू’ म्हणून मागचं दार उघडलं. उजेड लागून दहा फोटोंतले चार तिथेच पांढरे.

उरलेल्यांतला एक मी आजीवर खर्च केला. ती मोदक वळत होती, मी अगदी जवळ बसले. आपण बघायची खिडकी भिंगाच्या वर आणि बाजूला असते. लांबून फरक पडत नाही, जवळून पडतो. खिडकीतून आजी पूर्ण दिसत होती. फोटोत तिचं डोकं भुवयांपासून वर गेलेलं, आणि उकडीची पारी मात्र बरोबर मधोमध.

“अगं, दुसरा काढते.”

“कशाला? तोंड कसं आहे ते मला ठाऊक आहे. पाकळ्या बघ किती सुरेख आल्यात.” तिने फोटो पदराला पुसला आणि पोथीत ठेवला.

मलाही तो हवा होता. पण निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. शेवटी पोथी उघडायला लावून फोनने त्या फोटोचाच फोटो काढला. वरच्या बल्बचा उजेड कागदावर असा चकाकला, की नेमकी पारीच दिसेना.

आजीने चष्मा वर करून फोनमध्ये पाहिलं.

“जरा हलवून बघ,” ती म्हणाली.