फिक्स्ड ब्लेड ब्रॉडहेड, नोंद तिसरी: केस काढणारी धार हाडात का टिकत नव्हती

मंडळी, गणपती झाले, इकडे मिशिगनला १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाने हरणांच्या शिकारीचा आर्चरी सीझन उघडतोय आणि बेंचवर अजून चार ब्रॉडहेड (बाणाच्या टोकाला बसवायची धारदार पात्यांची टोकं) धारेविना पडलेत, तरी आधी ही नोंद टाकतोय कारण या महिन्यात जे हाती लागलं ते गेल्या वर्षीच कळलं असतं तर फार बरं झालं असतं.

गेल्या नोव्हेंबरातली ती हरणाची मादी काहींना आठवत असेल. १८ यार्डांवर आडवी उभी, बाण फऱ्याच्या मागे बरोबर लागला, पलीकडच्या खांद्यात जाऊन अडकला, आणि रक्ताचा माग इतका बारीक की सोयाबीनच्या कडेकडेने टॉर्च घेऊन जवळजवळ तीन तास एकेक पान बघत गेलो. सापडली, पण ते तीन तास अजून मनातून जात नाहीत. बाणाची शिकार म्हणजे रक्तस्रावावर मरण, स्वच्छ कापलेली रक्तवाहिनी वाहत राहते आणि फाटलेली लवकर गोठते, त्यामुळे बोथट पातं म्हणजे जनावराचे हाल, यात दुसरं मत नाही. घरी येऊन ब्रॉडहेड धुतलं, दिव्याखाली धरलं तर तिन्ही पात्यांवर टोकापासून सेंटीमीटरभर पांढरी रेघ चमकत होती. धार चमकली की समजायचं ती गेली, खऱ्या धारेवर प्रकाशाला टेकायला जागाच नसते. आणि हेच पातं आदल्या रात्री हातावरचे केस सपासप काढत होतं!

म्हणजे स्टील वाईट का? मला तेच वाटलं होतं, नवीन महागडे हेड घ्यायचे म्हणून यादीसुद्धा केली होती. पण आधी आहे तेच नीट तपासू म्हटलं.

६० पाउंड ओढीचं कंपाउंड (कप्प्यांचं धनुष्य), ४७५ ग्रेन वजनाचा बाण, २० यार्ड, फोम टार्गेटसमोर अर्धा इंची प्लायवूड. तीन हेड घेतले: अख्खं एकाच स्टीलमधून काढलेलं तीन पात्यांचं, ब्लेड बदलता येणारं एक, आणि ए-टू टूल स्टीलचं दोन पात्यांचं सिंगल बेवल, म्हणजे धारेचा उतार (बेवल) एकाच बाजूने घासलेलं. बदलत्या ब्लेडवाल्याचं थोडक्यात सांगतो, ०.०२७ इंची पातं म्हणजे पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही, प्लायमध्ये एक वाकलं आणि एकाचा तुकडा उडाला. त्याला धार लावत बसू नका, ब्लेड बदला आणि जुनी सरावाला ठेवा.

खरी गंमत तीन पात्यांच्या हेडची. त्याला जिग (कोन धरून ठेवणारा साचा) लागत नाही, दोन पाती एकदम दगडावर सपाट टेकवायची आणि घासायचं, भूमितीच अशी की प्रत्येक धारेला दोन्ही बाजूंनी ३० अंश आपोआप मिळतात, म्हणजे एकूण ६०. एवढा जाड कोन सहजासहजी मुडपायला नको, आणि तरी माझी मुडपत होती. पहिल्या शॉटला नेहमीसारखीच तयार केली, ३२५ ग्रिटची डायमंड प्लेट (आकडा वाढेल तशी बारीक), मग ६००, केस निघाले, झालं. प्लायमधून काढलं तर तीच पांढरी रेघ, जवळजवळ तेवढीच लांब.

मग १० एक्सचा लूप (दहापट मोठं दाखवणारं भिंग) लावून न वापरलेलं दुसरं हेड बघितलं आणि तिथे उत्तर होतं. धारेच्या काठावर बारीक बर उभी होती, एखाद्या पातळ पत्र्याची कड कापल्यावर उरते ना तशी लव, काही ठिकाणी डावीकडे कललेली, काही ठिकाणी उजवीकडे. केस काढत होती ती ही लव, खाली धार अजून जमलीच नव्हती. केसाला ती पुरते, हाड लागलं की आडवी झोपते आणि खालचं सगळं झाकून टाकते. इतकी वर्षं मी बरलाच धार समजत होतो.

आता काय करतो ते सविस्तर लिहितो कारण यातच सगळं आहे. आधी मार्करने बेवल काळा करायचा आणि हलके दोनचार हात मारून बघायचं शाई कुठून गेली, धारेपर्यंत गेली नसेल तर अजून काठाला पोचलोच नाही, दगड बदलायची घाई करायची नाही. ३२५ वर तिन्ही बाजूंना सारखे हात, मोजून, मी दहा-दहा करतो आणि हेड फिरवतो. ६०० वर आठ, मग पाच, मग तीन, मग एक-एक, आणि दाब कमी करत शेवटी फक्त हेडचं वजन. १००० वर तेच. बर अशी दाबाने जात नाही, दाब सोडल्याने जाते, हे हाताला बसायला मला दोन आठवडे लागले. मग जुन्या पट्ट्याचं चामडं लाकडावर चिकटवून त्याला हिरवं क्रोमियम ऑक्साइड चोळलंय, त्यावर धार मागे राहील असं ओढायचं, कधीही पुढे ढकलायचं नाही, चामडं कापलं जातं. लहानपणी कराडला न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवायचे ते मी तासन्‌तास बघायचो, आज कळतंय ते काय करत होते.

तपासायला केसांचा भरवसा सोडला. रबर बँड थोडा ताणून धारेवर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही, स्वच्छ धार असेल तर पट्‌कन तुटतो, बर असेल तर अडखळतो. टोकाजवळ, मध्ये, मागे, तिन्ही ठिकाणी बघा. ग्लव्ह घालूनच, आणि बोट धारेच्या लांबीला कधीच फिरवू नका.

तेच हेड, तेच स्टील, असं तयार करून परत प्लायमध्ये मारलं. टोकाची दोनेक मिलिमीटर चमकली, बाकी पूर्ण पात्यावर रबर बँड तुटला. गेल्या हरणाचं फऱ्याचं हाड ठेवलं होतं, तेही फोमला बांधून मारलं, पातळ भागातून आरपार, हाडाच्या मधल्या उभ्या कडेला घासून गेलं तिथे एक बारीक खाच, बाकी धार शाबूत. मी त्या रात्री नवीन हेडची यादी फाडून टाकली.

सिंगल बेवलचं मात्र वेगळं. एका बाजूला २५ अंश, दुसरी बाजू सपाट, म्हणजे एकूण कोन फक्त २५, म्हणून इथे स्टील खरंच चांगलं लागतं, मऊ असलं तर मुडपतं आणि फार कडक पण ठिसूळ असलं तर तुकडा उडतो. आत शिरताना ते बेवलमुळे गोल फिरतं, म्हणून उजव्या बेवलला बाणाची पिसंही उजव्या हेलिकलची (उजवीकडे पीळ दिलेली) हवीत. बाणांचा अभ्यास करणारे एड ॲशबी यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत नाटालला बाणांच्या शिरकावावर काम सुरू केलं, तिथून पुढे ही सिंगल बेवल आणि जाड टँटो टोकाची (छिन्नीसारख्या तिरक्या टोकाची) बाजू त्यांनी लावून धरली. माझ्या हेडवर ३० अंशांच्या आसपास तीन-चार हलके हात मारून बारीक मायक्रोबेवल (अगदी काठावर दुसरा छोटा उतार) दिलाय, तो दिल्यापासून प्लायमध्ये एकही खाच नाही.

एक जुनी चूक सांगून ठेवतो, कुणी करू नये. पहिल्या वर्षी घाईत बेंच ग्राइंडरवर दोन हेड धरले आणि काठ निळा झाला. निळा म्हणजे स्टील ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं. बाबांना फोनवर सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "अरे पाणी उतरलं त्याचं." गावचा लोहार कोयत्याला पाणी देतो तेच ते. तो काठ परत कधी धार धरत नाही, निळा भाग पूर्ण घासून काढावा लागतो आणि मग हेडचं वजन बदलतं.

क्विव्हरच्या (बाणांच्या भात्याच्या) फोममध्ये रोज खुपसून काढल्यानेही धार उतरते, हे मला उशिरा लक्षात आलं. आता सकाळी निघताना प्रत्येक हेड पट्ट्यावर पाच-पाच हात, आणि कार्बन स्टीलला व्हॅसलीनचं बोट, नाहीतर ऑक्टोबरच्या दवात दोन दिवसांत तांबेरा.

सध्या अडलोय ते दुसऱ्या सिंगल बेवलच्या सपाट बाजूवर. मार्कर लावून प्लेटवर फिरवलं तर मधली शाई जातच नाही, म्हणजे ती बाजू मुळातच पोकळ आहे, आणि ती सपाट झाल्याशिवाय त्या बाजूची बर निघणार नाही. कुणी असं हेड ३२५ वर लॅप केलं (घासून सपाट केलं) असेल तर किती वजन घटलं तेवढं सांगा, माझ्याकडे १ तारखेपर्यंत सहा संध्याकाळी आहेत.