फियाटचे ड्रम ब्रेक ठेवले, त्याची हकिगत

वडिलांची १९७० ची फियाट ११०० पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली आणि घरात पहिला वाद ब्रेकवरून झाला. धाकटा भाऊ म्हणाला, पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क बसवू. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा बंद डबा, त्याला आतून शू दाबतात; डिस्क म्हणजे उघडी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात. त्याची काळजी खरीच होती. आंबा घाट उतरताना ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी हवी तशी आवरत नाही, पावसात पाणी शिरलं तर आणखीच पंचाईत. डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे काम अवघड नाही. कॅलिपरचं, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याचं ब्रॅकेट बनवून देणारे, हब लेथवर लावणारे सगळे जवळपास भेटतात. पण आमच्या मिस्त्रीमामांनी आधी पुढचा पसारा सांगितला. गाडी पुढे जाताना ड्रम आपल्याबरोबर शूला आत ओढतो, त्याने ब्रेकला आपोआप जोर येतो. डिस्कला ती मदत नाही, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर आला. कॅलिपरला ऑइल जास्त लागतं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मास्टर सिलेंडर बदलणं आलं. ड्रमसाठीचा व्हॉल्व्ह लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड घासत राहतात. शिवाय पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ नव्याने बसवायचा. "डिस्क बसवू म्हणून सुरुवात करशीला, पण निम्मी गाडी बदलाय लागंल बघा," मामा म्हणाले.

मलाही गाडी मूळ रूपातच हवी होती. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. तो पुढेमागे घ्यायचा विचार आहे, जरी त्या नंबरवर गाडी रोज वापरता येत नाही.

चाकं उघडली तेव्हा खरा दोष दिसला. रबरी होज पाइप आतून फुगलेले. पेडल सोडल्यावर ऑइल लगेच परत येत नव्हतं, म्हणून गाडी एका बाजूला ओढायची. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. त्या पाण्याने चाकात शू दाबणाऱ्या व्हील सिलेंडरच्या आत गंजाचे खड्डे पडले होते. असं जुनं ऑइल घाटात तापून उकळतं आणि पेडल मऊ पडतं. हे सगळं आपण ड्रमच्या नावावर खपवतो!

सिलेंडरला आतून स्टेनलेस स्टीलच्या स्लीव्ह (नळ्या) घातल्या, होज पाइप आणि रबर किट नवे. ड्रम आतून गुळगुळीत करायला लेथवर कट मारला, पण अगदी हलका, कारण पातळ ड्रम लवकर तापतो. शूवरचे नवे लायनर (ड्रमला घासणारा थर) ड्रमच्या गोलाईला घासून बसवले. ऑइलच्या लाइनमधली एअर काढायला मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली.

एक धास्ती मात्र राहतेच. या गाडीत ब्रेकची लाइन एकच, ती कुठेही फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून हँडब्रेकही तितक्याच कसोशीने करून घेतला. रोज पुण्याच्या हायवेला गाडी काढणाऱ्याने पूर्ण तयारीनिशी डिस्क बसवली तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

आंबा घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, पेडलवर पाय ठेवून न देता, मध्ये मध्ये दाबून सोडत. गाडी सरळ थांबते, कुठे ओढत नाही. लायनर वापराने नीट बसल्यावर शूचं सेटिंग पुन्हा करायला मामांनी बोलावलंय, आणि ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असं ठरवलंय.