मान धरते ती काचेमुळे : पठारावरच्या लांब मोटरसायकल-प्रवासाचा वृत्तांत

लांब पल्ल्याच्या मोटरसायकल-प्रवासाआधी अंगदुखीविषयी जे सल्ले मिळतात, त्यांतले निम्मे सीटविषयी असतात आणि निम्मे व्यायामाविषयी. वाऱ्याचा विषय निघालाच तर ‘हँडलपुढे उंच पारदर्शक काच बसवून घ्या, वारा अंगावर येणार नाही’ एवढ्या एका वाक्यात तो आटोपतो. मलाही हेच वाक्य अनेकांनी ऐकवले आणि काच बसवून देणाऱ्या दुकानदाराने तर ‘आता मानेची चिंताच नको’ असे छातीठोकपणे सांगितले. या प्रवासात सीटचा, मनगटांचा आणि गुडघ्यांचा त्रास सोसण्याजोगा होता. मान मात्र त्याच काचेने धरली, आणि ती इतकी धरली की एका सकाळी मागची वाहने पाहण्यासाठी मला कमरेपासून सबंध धड वळवावे लागत होते. आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात डोकावण्याइतकीही मान वळत नसेल, तर त्या अवस्थेत दुचाकी चालवणे धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

ज्यांना दिवसाकाठी तीनशे-साडेतीनशे किलोमीटर चालवण्याची सवय आहे, ज्यांचे हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारे आहे आणि ज्यांची गाडी नुकतीच सर्व्हिस झालेली आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. घाटातल्या पहिल्या टप्प्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. वळणांच्या रस्त्यावर वेग कमी असतो आणि शरीर सतत हलते राहते, त्यामुळे कोणताही एक स्नायू फार वेळ ताणून राहत नाही. तिथे काही दुखले नाही.

खरा प्रश्न घाट संपल्यावर सुरू होतो. पुढे सुमारे १८० किलोमीटरचे सरळ, उघडे पठार आहे. दोन्ही बाजूंना झाड नाही, आडोसा नाही, समोरून किंचित उजवीकडून येणारा वारा आहे आणि मालवाहू ट्रकची रांग आहे. रस्ता गुळगुळीत असल्यामुळे वेग आपोआप ९०-१०० वर जातो आणि इथेच फसगत होते, कारण मानेला वेगमापकावरचा आकडा जाणवत नसतो, तिला हवेचा सापेक्ष वेग जाणवतो. गाडी ताशी ९० किलोमीटर आणि समोरचा वारा ३० असेल, तर हेल्मेटवर आदळणारी हवा १२० ची असते. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे शांत हवेतल्या ९० च्या तुलनेत डोक्यावर पडणारा जोर सुमारे पावणेदोन पट होतो. त्यात माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोचे असते आणि वर दीड किलोचे हेल्मेट असते. एवढे वजन तासन्‌तास तोलून धरण्याचे काम मानेच्या मागचे आणि खांद्याच्या पात्यांकडे उतरणारे स्नायू करतात.

तरीही सरळ, एकसारखा वारा मान सोसते. तिला मोडते ते गरगरणाऱ्या हवेचे धक्के, ज्यांना रायडर मंडळी बफेटिंग म्हणतात. हवा काचेवरून वर चढते आणि काचेच्या वरच्या कडेपाशी तिचा प्रवाह सुटून त्याचे भोवरे होतात. हेल्मेट या कडेच्या बरेच वर असेल तर त्याला स्वच्छ वारा मिळतो आणि पूर्णपणे खाली असेल तर शांत हवा मिळते. पण हेल्मेट नेमके त्या भोवऱ्यांच्या पट्ट्यात आले, तर डोके सेकंदाला अनेक वेळा इकडून तिकडे हादरते, नजर धूसर होते आणि डोके स्थिर ठेवण्यासाठी मानेचे पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी आवळून राहतात. मध्यम उंचीच्या माणसाने मध्यम उंचीची काच बसवली की बहुतेक वेळा हेच घडते. माझ्या गाडीची मूळ काच बुटकी होती आणि तिच्यासह वारा छातीवर येत असे, पण डोके स्थिर राहत असे. नवी, उंच काच बसवल्यावर छाती शांत झाली आणि सगळा गोंधळ हेल्मेटवर आला. हा सुधार नव्हे, दुखण्याची जागा बदलणे आहे, आणि त्यासाठी पैसे मोजण्यात काही अर्थ नाही.

आपल्या गाडीवर काय घडते आहे हे ओळखण्याची परीक्षा सोपी आहे आणि ती घरातून निघण्यापूर्वी, जवळच्या मोकळ्या सरळ रस्त्यावर करावी. नेहमीच्या वेगाला स्थिर झाल्यावर फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, जोर देऊन सीटवरून चार-पाच बोटे वर उठावे आणि डोक्याला काय वाटते ते पाहावे. मग परत बसून, पाठीचा कणा थोडा आखूड करून तितकेच खाली यावे. वर उठल्यावर डोके शांत होत असेल तर काच तुमच्यासाठी नको तितकी उंच आहे, तेव्हा ती उतरवावी किंवा तिच्या जागी बुटकी बसवावी. खाली वाकल्यावर शांत होत असेल तर काच अपुरी आहे आणि आणखी उंच काचेचा किंवा वरच्या कडेला लावायच्या छोट्या जोडकाचेचा उपयोग होईल. तिसरा उपाय कोणी सांगत नाही, पण तो सर्वांत स्वस्त आहे. काचेच्या खालच्या कडेशी बोल्टमध्ये वॉशर, म्हणजे चकत्या, घालून बोटभर फट ठेवली, तर त्या फटीतून आत येणारी हवा काचेमागचा कमी दाब भरून काढते आणि वरचे भोवरे सौम्य होतात. पठार अर्धे संपल्यावर मी एका मेकॅनिककडून काच काढवून घेतली आणि ती मागे बांधून पुढचा रस्ता कापला. वारा छातीवर आला, वेग ८० वर उतरवावा लागला, पण मान त्याच तासात सैल पडू लागली.

काचेइतकाच दोष हेल्मेटच्या चोचीचा असतो. साहसी प्रवासाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या हेल्मेटांना पुढे चोच असते. मावळतीचे ऊन अडवायला ती कामाची आहे, पण वेगवान सरळ रस्त्यावर ती वाऱ्यात शिरून डोके वर उचलते आणि मागे वळून पाहताना तर मान हिसडते. ती काढता येत असेल तर पठार सुरू होण्यापूर्वी काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हासाठी हेल्मेटच्या आतला गडद व्हायझर, म्हणजे डोळ्यांपुढे ओढायचा पडदा, पुरेसा असतो. हेल्मेटवर डोक्याच्या वर बसवलेला कॅमेराही हेच करतो, कारण त्याचे वजन थोडे असले तरी तो मानेच्या सांध्यापासून दूर बसतो आणि वारा त्याला तरफेसारखा धरतो. चित्रीकरण करायचेच असेल तर कॅमेरा हेल्मेटच्या हनुवटीपुढच्या कठीण भागावर किंवा हँडलबारवर लावावा. आणि हेल्मेट सैल असेल तर वरचे सर्व उपाय फुकट आहेत, कारण सैल हेल्मेट वाऱ्याने उचलले जाते आणि ते खाली ओढून धरण्याचे काम न कळत मान करत राहते. पट्टा आवळून, दोन्ही हातांनी हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवल्यावर गालांची कातडी सोबत सरकली पाहिजे. हेल्मेट एकटेच फिरत असेल तर ते मोठे आहे.

दुखण्याची वेळही फसवी असते. सवय नसलेल्या श्रमाचे स्नायूदुखणे साधारण चोवीस ते बहात्तर तासांत शिगेला पोचते. त्यामुळे पठार ओलांडलेल्या संध्याकाळी खांदे नुसते भरून आलेले वाटतात, माणूस खुश असतो आणि दुसऱ्या दिवसासाठी आणखी मोठा पल्ला ठरवून टाकतो. मान आखडते ती त्यानंतरच्या सकाळी. म्हणून अशा पट्ट्यानंतरचा दिवस लहान ठेवावा, शरीर काहीही म्हणत असले तरी.

आता हातांविषयी. हँडलबार उंच करणारे ठोकळे, म्हणजे रायझर, बसवण्याचा सल्ला जवळपास प्रत्येक जण देतो, आणि वाटेतल्या एका वर्कशॉपमध्ये मी ते बसवून घेतले. चार बोल्ट सोडवून पुन्हा आवळण्याच्या कामासाठी ‘केबल नव्याने ओढावी लागली’ असे सांगून भरमसाट मजुरी लावण्यात आली. केबलला कोणी हात लावलेला नव्हता, आणि तो लावायला हवा होता हे मला पुढच्या चढावर कळले, कारण हँडल पूर्ण डावीकडे वळवल्यावर क्लचची केबल ताणली जाऊन क्लच अर्धवट सुटत होता. रायझर बसवल्यावर पैसे देण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून क्लच आणि थ्रॉटल (वेग देणारी उजवी मूठ) यांची केबल आणि ब्रेकची नळी ताणत नाही ना, हे स्वतः तपासावे. शिवाय बसण्याची पद्धत जितकी ताठ, तितका छातीवर वारा अधिक आणि हँडलला लोंबकळून राहण्याची सवय अधिक. वेगवान रस्त्यावर कमरेतून किंचित पुढे झुकून बसले तर वाराच धडाला आधार देतो आणि हातांवर भार येत नाही. म्हणून रायझरच्या आधी फुकटचा उपाय करावा. हँडलबार त्याच्या पकडीत थोडा मागेपुढे फिरवावा आणि क्लच व ब्रेकचे लिव्हर इतके खाली वळवावेत की बोटे लिव्हरवर ठेवल्यावर मनगट आणि कोपरापासूनचा हात एका सरळ रेषेत येईल. मनगट वर मोडलेले राहिले की अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात. करंगळीला येत असतील तर तळव्याच्या बाहेरच्या कडेवर भार पडतो आहे असे समजावे. मूठ आवळण्याऐवजी गुडघ्यांनी टाकी धरावी, कारण मुठीचा ताण कोपरातून खांद्यात आणि खांद्यातून मानेत चढतो. थ्रॉटल धरून ठेवणारा उजवा खांदा कानाकडे सरकलेला असतो आणि त्याचा पत्ताही नसतो. दर काही किलोमीटरवर तो मुद्दाम खाली सोडावा लागतो.

पाठीवरची सॅक हा सरळ नकार देण्याचा विषय आहे. पाण्याच्या पिशवीपुरती हलकी सॅक ठीक आहे, पण पाच-सहा किलोंचे सामान पट्ट्यांनी खांद्यांवर लटकवून पठार ओलांडणे म्हणजे मानेच्या मुळाशी दिवसभर दोन बोटे रोवून ठेवणे आहे. सामान गाडीवर बांधावे.

सीटविषयी थोडक्यात सांगतो. जेलच्या गाद्या उन्हात तापतात आणि तासाभरानंतर त्यांचा फरक जाणवत नाही. हवेच्या गादीचा उपयोग होतो, पण ती फुगवून टणक केली तर नाही. बसल्यावर हाडे सीटला जेमतेम टेकणार नाहीत इतकीच हवा ठेवावी. मांडीखाली येणारी जाड शिवण असलेली अंतर्वस्त्रे आणि जीन्स घरी ठेवाव्यात. सामान लादल्यावर मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवला नाही तर गाडी मागे बसते, खड्ड्याचा दणका थेट कण्यात येतो आणि दोष मात्र सीटला दिला जातो.

थांबे वेळेवर घ्यावेत, दुखण्याची वाट पाहून घेऊ नयेत. तासाभराने, फार तर सव्वा तासाने उतरावे, हेल्मेट काढावे आणि पाणी प्यावे, कारण वाऱ्यात घाम वाळून जातो आणि शरीर कोरडे पडल्याचे कळत नाही. थांब्यावर मान गोल गोल फिरवणारे आणि कडकड आवाज काढणारे पुष्कळ दिसतात. थकलेल्या मानेला झटके देणे टाळावे. हनुवटी सरळ मागे ओढून पाच-सहा सेकंद धरणे, खांदे वर उचलून सोडून देणे आणि पाती मागे जवळ आणणे एवढे पुरते. निघण्याच्या काही आठवडे आधीपासून तळहात कपाळावर, डोक्यामागे आणि दोन्ही बाजूंना ठेवून डोके न हलवता त्यावर जोर देण्याचा व्यायाम केला, तर मान तयार होते. आदल्या रात्री सुरू केलेल्या व्यायामाने दुखणे वाढते, कमी होत नाही.

कानांकडेही पाहावे. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो, आणि त्या गोंगाटात माणूस दात आवळून, खांदे चढवून बसतो. जिथे कायद्याने मनाई नाही तिथे फोमचे इयरप्लग वापरावेत. हॉर्न त्यांतूनही ऐकू येतो.

स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या घेऊन गाडी चालवू नये, कारण त्यांनी झोप येते. मुंग्या मानेपासून दंडातून हातात उतरत असतील, हाताची पकड ढिली पडत असेल किंवा विश्रांतीनंतरही ठणका कमी होत नसेल, तर ते साधे अवघडणे नव्हे. तिथे गाडी उभी करून डॉक्टरांकडे जावे.

परतीच्या वेळी हेच पठार मी उजाडताच ओलांडायला घेतले. जमीन तापेपर्यंत उघड्या पठारावर वारा बहुधा मंद असतो आणि दुपारी तो जोर धरतो. उंच काच काढलेली गाडी, चोच काढलेले हेल्मेट, ८५ चा वेग आणि जवळजवळ स्थिर हवा यांमुळे तो पट्टा इतका सहज गेला की पुढच्या मुक्कामाच्या गावी पोचल्यावर अजून शंभर किलोमीटर जाता येईल असे वाटत होते, आणि मी गेलोही. ज्यांना एकाच वेळी हे सगळे उपाय करणे शक्य नाही त्यांनी पहाटेची वेळ आणि काचेची परीक्षा या दोनच गोष्टी कराव्यात. ट्रकही त्या वेळी कमी असतात, मात्र शेवटच्या तीस किलोमीटरमध्ये इंधन मिळत नाही, तेव्हा टाकी आदल्या रात्रीच भरून ठेवावी.