बाण माझ्याच आकड्यापुढे का?

दादाचा आणि माझा रक्ताचा रिपोर्ट एकाच दिवशी आला. युरिक अ‍ॅसिड माझं ६.२, त्याचं ६.९. माझ्या आकड्यापुढे ठळक बाण, वाढल्याचा. त्याच्यापुढे काहीच नाही. तेव्हापासून ‘सांभाळ गं आता’ चालू आहे.

मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे बाणापेक्षा तो सुटला कुठून याचीच मला जास्त उत्सुकता. आमच्या लॅबची वरची मर्यादा बायकांना ६.०, पुरुषांना ७.२. अशा मर्यादा बहुतेक वेळा गर्दीवरून ठरतात: धडधाकट माणसांचे आकडे मांडायचे आणि मधले ९५ टक्के ठेवायचे. दोन्ही टोकांची अडीच-अडीच टक्के माणसं काही झालेलं नसतानाही बाहेर पडतात. हे मी दरवर्षी फळ्यावर काढते. बाहेर पडायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली.

पण मला मोजलं कुठल्या गर्दीत? लहानपणी मुलगे-मुली साधारण सारखेच असतात. वयात येताना मुलग्यांचं युरिक अ‍ॅसिड चढतं. मुलींचं तितकं चढत नाही, कारण इस्ट्रोजेनमुळे मूत्रपिंडं ते जास्त बाहेर टाकतात. पाळी गेली की ही सोय संपते. (पाळी थांबेपर्यंत बाईला गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या स्फटिकांनी सांधा सुजून दुखण्याचा आजार, होत नाही, हे प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या नावावरच्या सूत्रांतही आहे. रक्ततपासणी नसताना!) माझ्या जुन्या फाइलीत ३९व्या वर्षीचा आकडा ४.३ आहे. आता मी ५४ची. तरी रिपोर्टच्या लेखी विशीतली मुलगी आणि मी एकाच ढिगात. दोन वेगवेगळे ढीग एकत्र करून सरासरी काढणाऱ्या विद्यार्थ्याचे मी गुण कापते.

आणखी एक आकडा आहे, ६.८. हा गर्दीवरून आलेला नाही. शरीराच्या तापमानाला रक्तात युरेट (युरिक अ‍ॅसिडचं रक्तातलं रूप) साधारण एवढंच विरघळून राहू शकतं. त्यापुढे स्फटिक बनण्याची शक्यता सुरू होते. थंड सांध्यांत आधी, म्हणून पायाचा अंगठा. या रेषेच्या मी खाली आहे आणि बाण नसलेला दादा वर!

अर्थात रेषा ओलांडली म्हणजे गाऊट झालाच, असं नाही. अमेरिकेतल्या पुरुषांच्या एका दीर्घ अभ्यासात (१९८७) ७ ते ८.९ वाल्यांपैकी वर्षाला फक्त ०.५ टक्के जणांना तो झाला; ९च्या वर मात्र ४.९ टक्के.

घरात लगेच खाण्यापिण्यावर चर्चा. २०१८च्या एका मोठ्या विश्लेषणात माणसामाणसांतल्या युरिक अ‍ॅसिडच्या फरकापैकी आहाराचा वाटा ०.३ टक्के भरला, सर्वसामान्य जनुकीय फरकांचा सुमारे २४. मूत्रपिंडं गाळलेलं बहुतेक युरिक अ‍ॅसिड पुन्हा रक्तात ओढून घेतात, आणि किती ओढायचं हे बरंचसं जन्मतःच ठरतं. म्हणून एखाद्याने खाणं बदलून काहीच होणार नाही, असा अर्थ काढू नये; हे गर्दीतल्या फरकाचं गणित आहे, एका माणसाचं नव्हे.

हे सगळं दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘पण माझ्यापुढे बाण कुठेय?’ त्याच्या रक्तदाबाच्या गोळीत थायझाइड (लघवी वाढवणारं औषध) आहे का ते बघ म्हटलं, त्यानेही युरिक अ‍ॅसिड वाढतं. अजून त्याला गोळ्यांचं पाकीट सापडायचंय.