जाड पात्याचा घोळ काही सुटेना, दगड मात्र पास

तर मंडळी, मागच्या अपडेटला पार्सल कस्टम्समध्ये आहे एवढं लिहून मी गायब झाले होते. ते आलं. जपानहून धार लावायचा दगड, शाप्टन कुरोमाकू १००० (१००० हा कणांच्या बारीकपणाचा नंबर), आणि दुसऱ्या पार्सलमध्ये माझ्या चार नंबरच्या हातरंध्यासाठी जाड पातं, ओ-वन नावाच्या स्टीलचं, अडीच मिलीमीटर. दगड पहिल्या दिवसापासून मस्त चाललाय. पात्याने मात्र डोकं फिरवलंय, त्यामुळे आजची पोस्ट बहुतेक त्याच्यावरच जाणार.

आधी पैशाचं, कारण बाहेरून मागवलं की ड्युटी कशी लागते, ते मेसेजमध्ये सगळ्यांनीच विचारलंय. ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही, शिपिंग आणि इन्शुरन्स धरून जी रक्कम होते तिच्यावर लागते, आणि मग किंमत अधिक ड्युटी या बेरजेवर आयजीएसटी. म्हणजे महाग कुरिअर निवडलं की टॅक्सही फुगतो. शिवाय कुरिअरवाले खरं वजन आणि खोक्याचं वजन (लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००) यातलं जास्त असेल ते धरतात, म्हणून विकणाऱ्याला आधीच सांगायचं की बाबा, खोकं लहान घे. इनव्हॉइसवर नुसतं ‘ब्लेड’ लिहू देऊ नका, ‘सुतारकामाच्या हातरंध्याचं पातं’ असं सरळ लिहायला लावा, जमलं तर एचएस कोडही (कस्टम्सचा वस्तूंच्या वर्गाचा नंबर), सुतारी रंधे-पटाश्यांसाठी ८२०५.३० आणि हाताने धार लावायच्या दगडांसाठी ६८०४.३०.

आता दगड. २१० बाय ७० बाय १५ चा, भिजत घालावा लागत नाही, वर पाणी शिंपडलं की सुरू. माझा किंग १००० आधी पाण्यात बुडवून ठेवावा लागायचा आणि त्यात बाथरूममधली बादली अडकायची, त्यावरून घरात रोजची कटकट, ती मिटली. किंग वाईट नाहीये, स्वस्तात शिकायला उत्तम आहे, फक्त मऊ असल्याने मधे लवकर खड्डा पडतो. शाप्टन सपाट आहे का ते पाहायला त्यावर पेन्सिलीच्या आडव्या-उभ्या रेघा मारून डायमंड प्लेट (दगड सपाट करायची हिऱ्याच्या कणांची पट्टी) फिरवली तर थोड्याच फेऱ्यांत रेघा सगळीकडून सारख्या गेल्या. वापर झाला की सावलीत सावकाश वाळू द्यायचा, बाल्कनीतल्या उन्हात ठेवला तर तडकू शकतो.

आणि पॉलिशपेपरवर धार लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट, पेपरचा पी-१००० आणि दगडाचा १००० हे एक नाहीत. पी-१००० चा कण १८ मायक्रॉनच्या आसपास असतो, शाप्टन आपल्या १००० ला १४.७ म्हणते, म्हणजे तो पेपरच्या पी-१२०० च्या जवळ जातो. मला पेपरच्या मानाने बर (घासताना धारेच्या मागे वळणारी धातूची बारीक कड) लवकर आणि एकसारखी मिळाली, अंगठ्याचं नख मागच्या बाजूने फिरवलं की धारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग अडकतं, मधे कुठे गॅप नाही. खरं सांगते, ते नख अडकलं तेव्हा मी कोपरखैरण्याच्या बाल्कनीत एकटीच ‘आहाहा’ म्हणाले.

आता पातं. माझ्या देशी चार नंबरचं मूळ पातं साधारण दोन मिलीमीटरचं, हे अडीचचं. अर्धा मिलीमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटतं. पण फ्रॉग, म्हणजे पातं ज्यावर टेकतं तो तिरका भाग, ४५ अंशांवर बसलेला, त्यामुळे अर्धा मिलीमीटर जाडीने धार तोंडात (रंध्याच्या तळाच्या फटीत) सुमारे ०.७ मिलीमीटर पुढे येते, आणि बारीक शेव्हिंगसाठी (लाकडाच्या छिलक्यासाठी) आपण तोंड ठेवतोच किती! शेव्हिंग निघते, तोंडाशी गोळा होते, अडकते, रंधा घसरतो. फ्रॉग मागे सरकवायचा सल्ला सगळे देतात, तो मी केला, तर पातं सोलच्या (तळाच्या) फटीच्या मागच्या कडेवर टेकून फ्रॉगवरून उचललं गेलं, आणि शिसवीवर लावलं की कर्र कर्र असा चॅटर. तोंडाची पुढची कड कानशीने घासणे हा दुसरा उपाय, पण घासलेलं लोखंड परत येत नाही, मग जुनं पातं टाकलं तर तोंड कायमचं मोठं, म्हणून हात धजेना.

आणि एवढ्यावर भागलं असतं तर मी घासलंही असतं. खरी गोम योकची, म्हणजे पातं पुढे-मागे ढकलणाऱ्या आतल्या दांडीची आहे. खोली कमी-जास्त करायचा तो पितळी नॉब फिरवला की योक पुढे-मागे होतो, आणि त्याचं टोक पात्याच्या खाचेतून आरपार जाऊन चिपब्रेकरच्या (पात्यावर स्क्रूने बसवलेल्या दुसऱ्या पट्टीच्या) चौकोनी भोकात बसतं. पातं जाड झालं की टोकाची वाटेतच बरीच लांबी खर्ची पडते. माझ्याकडे ते चिपब्रेकरला जेमतेम नखभर शिवतं. नॉब फिरवते, फिरवते, पातं ढिम्म. मग एकदम टोक निसटतं आणि पातं होतं तिथेच. उलट फिरवलं तर कधी पकडतं, कधी नाही. लिव्हर कॅपचा (पातं वरून दाबून धरणाऱ्या झाकणाचा) स्क्रू सैल करून पाहिला, घट्ट करून पाहिला, चिपब्रेकर उलटसुलट तपासला, भोकाच्या कडेची बर काढली, फरक शून्य. शेवटी हातोडीने टकटक करत खोली सेट केली, आपले जुने मिस्त्री लाकडी रंध्याला करतात तशी. चालतं तसं, पण मग नॉब कशाला हवा.

नेटवर लांब योक मिळतो, म्हणजे परत परदेशी ऑर्डर, परत शिपिंग, परत ड्युटी, आणि वस्तू बोटाएवढी. म्हणून प्लॅन असा होता की फ्रॉगची पिन ठोकून काढायची, योक रबाळे एमआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये न्यायचा, टोकावर पितळेचं ब्रेझिंग करून (पितळ वितळवून चढवून) दोन मिलीमीटर वाढवून घ्यायचं आणि घरी कानशीने मापात आणायचं. तिथले काका म्हणाले, ‘‘ताई, कास्ट आयर्न आहे, तापवताना तडकलं तर माझ्या नावाने शंख करू नका.’’ म्हणजे जोखीम आहेच.

दरम्यान काम तर अडून चालेना, पाटासाठी शिसवीची फळी अर्धी रंधून पडलेली. म्हणून मूळचं पातळ पातं शाप्टनवर घासलं, मग चामड्यावर हिरवं पॉलिशिंग कंपाउंड लावून त्यावर फिरवलं, आणि चिपब्रेकर नीट बसवला. खालची कड सपाट घासली, उजेडासमोर धरून फट दिसत नाही इतकी, पुढची कड साधारण ५० अंशांना उभी केली आणि धारेपासून अगदी केसभर मागे आणला. जपानच्या यामागाता युनिव्हर्सिटीच्या कावाई आणि काटो या प्राध्यापकांचं चित्रण बहुतेकांनी पाहिलं असेल, चिपब्रेकर धारेच्या ०.१ ते ०.३ मिलीमीटर जवळ आणला की शेव्हिंग वाकून मोडते आणि पुढचं लाकूड फाटत नाही. उलट्या रेषांची शिसवी, जी आधी खवले खवले उपटायची, ती जवळजवळ आरशासारखी निघाली. हे देशी, पातळ, स्वस्त पात्याने! म्हणून नवीन लोकांना माझं स्पष्ट मत, बाहेरून मागवायचंच असेल तर पहिले पैसे दगडाला घाला, पातं नंतर.

सागावर मात्र जाड पातं हवंय असं अजूनही वाटतं. आत्याच्या जुन्या घराची चौकट आणलीये ना, त्यातल्या खिळ्यांचं सोडा, सागवानात मुळातच सिलिका असते, धार बघता बघता बसते. तिथे ओ-वनपेक्षा ए-टू किंवा पीएम-व्ही-इलेव्हन स्टील जास्त टिकतं, पण ए-टू बारीक कोनाला कपचे उडवतं, निदान ३० अंश ठेवा.

थांबा. हे लिहिता लिहिता डोक्यात आलं म्हणून उठून चोर बाजारातून घेतलेला माझा जुना इंग्रजी पाच नंबर (जॅक, म्हणजे लांब, जाड काम काढायचा रंधा) उघडून पाहिला. त्याचा योक एकसंध ओतीव आहे आणि टोक चांगलं लांब! जाड पातं टाकलं, चिपब्रेकर लावला, नॉब अर्धा फेरा फिरवला आणि पातं हललं. त्याचं तोंडही आधीच्या मालकाने घासून मोठं करून ठेवलंय, जॅकला तसंही चालतं. म्हणजे रबाळ्याची ट्रिप सध्या रद्द, जाड पातं पाच नंबरला, धारेला थोडं कॅम्बर (बाक) देऊन सागाच्या चौकटीवर, आणि चार नंबर पातळ पात्यासकट फिनिशिंगला. शाप्टन ५००० च्या ऑर्डरचं टॅब उघडं होतं ते पण बंद केलं, पाट होईपर्यंत चामडं पुरेल.

तरी चार नंबरचा योक डोक्यात आहेच. कुणाकडे तुटक्या सोलचा जुना इंग्रजी चार नंबर पडला असेल तर फ्रॉगसकट कळवा, वाशी-नेरुळकडे असेल तर मी येऊन नेते. आणि योक ब्रेझ करून घेतलेला कुणी असेल तर तडकला का, तेवढं सांगा.