तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रज गेले, मग मेसमध्ये अजून टोस्ट कशाला?

लग्न असो, मुंज असो, माणूस फौजेतून निवृत्त झालाय हे कळलं की कोणीतरी विचारतंच. "मेसमध्ये मजा असायची नाही? स्वस्त दारू, बँड, पार्ट्या. पण काय हो, इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते काटे-चमचे आणि टोस्ट अजून कशाला?" पूर्वी मी "परंपरा आहे" एवढं म्हणून विषय बदलत असे. त्या उत्तराने विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, माझंही होत नाही. म्हणून एकदा नीट लिहितो. मेस म्हणजे पलटणीतल्या अधिकाऱ्यांची एकत्र जेवणाची-बसण्याची जागा, आणि टोस्ट म्हणजे कोणाच्या सन्मानार्थ प्याला उचलणं, पाव नव्हे.

आधी दारूचं. मेसच्या बारमध्ये रोख पैसे चालत नाहीत. चिटवर नाव, काय घेतलं, किती घेतलं आणि सही. ती चिट त्याच रात्री बार-बुकात चढते आणि महिनाअखेरीला मेस बिलात येते. लहान पेग ३० मिलिलिटर, मोठा ६०. ७५० च्या बाटलीचे मोठे पेग साडेबारा. मेस सेक्रेटरी हा पलटणीतलाच एखादा तरुण अधिकारी असतो, नेहमीची कामं सांभाळून हे करणारा, आणि हा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का बसलेला असावा लागतो. स्टॉक मोजताना फरक येतो तो बहुधा गर्दीच्या रात्रीचा. बारमन मापाचा पेला बाजूला ठेवतो आणि हाताच्या अंदाजाने ओतत सुटतो, दर पेगमागे थोडं थोडं जास्त जातं, आणि महिनाअखेरीला बाटल्या कमी भरतात.

दारूचा आग्रह होतो का? होतो, आणि काही जागी नको इतका होतो. ते झाकण्यात अर्थ नाही. पण टोस्ट पाण्याच्या प्याल्यानेही होतो, आणि पाणी घेतलं म्हणून कोणाचं जेवण अडत नाही. शिवाय त्याच बारमध्ये काही विषय वर्ज्य असतात: राजकारण, धर्म आणि कुठल्याही बाईचं नाव. घरोघरच्या बैठका ज्या विषयांवर मोडतात नेमके तेच. पंचवीस माणसांना त्याच पंचवीस चेहऱ्यांसोबत दोन-तीन वर्षं रोज जेवायचं असतं, तेही घरापासून लांब, तेव्हा हा नियम किती शहाणपणाचा आहे ते कळतं.

आता डिनर नाइट, म्हणजे औपचारिक जेवणाची रात्र, कारण सगळ्यांचा रोख तिच्यावरच असतो. त्या रात्री टेबलाचा मालक पलटणीचा प्रमुख, म्हणजे कमांडिंग ऑफिसर (सीओ), नसतो. मेस कमिटीचा अध्यक्ष, ज्याला आम्ही पीएमसी म्हणतो, तो टेबल चालवतो. मध्येच उठायचं तर सीओंनाही त्याचीच परवानगी घ्यावी लागते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसतो मिस्टर व्हाइस, बहुतेक वेळा पलटणीतला सर्वात नवा अधिकारी. जेवणाची सूचना दहा मिनिटं आधी मिळते. ती मिळाली की प्रत्येकाने बाथरूमला जाऊन यावं, कारण टोस्ट होईपर्यंत खुर्ची सोडता येत नाही. नव्या पोरांना हे आवर्जून सांगावं लागतं.

वाढप एकदम, उचलणंही एकदम. मुख्य पाहुण्याने काटा-चमचा ताटलीत शेजारी शेजारी ठेवला की मेस हवालदार खूण करतो आणि सगळ्या ताटल्या जातात, तुमची अर्धी भरलेली असली तरी. म्हणून नवख्याने बोलणं कमी ठेवून जेवावं आणि पाहुण्याच्या हाताकडे लक्ष द्यावं. यजमान बाजूची खरी परीक्षा सूपची असते. चाळीस माणसं आणि वेटर चार, तर शेवटच्या खुर्चीला सूप थंडच पोचणार. वेटरमागे सहा ते आठ खुर्च्या, त्यापेक्षा जास्त नाही, आणि ताटल्या-वाट्या आधी गरम करून ठेवलेल्या. हे जमलं नाही तर मेन्यू कितीही भारी असो, रात्र फसते.

शेवटी पोर्टची, म्हणजे गोड वाइनची, सुरई डावीकडे फिरते, सगळ्यांचे प्याले भरतात, पीएमसी हातोडा आपटून उभा राहतो आणि मिस्टर व्हाइसला राष्ट्रपतींच्या नावाने टोस्ट मांडायला सांगतो. पोरगं उठतं, एक वाक्य बोलतं, सगळे उभे राहतात, बँड राष्ट्रगीत वाजवतो, ते संपल्यावर प्याले उचलले जातात. गडबड कुठे होते तर याच क्रमात. बँडमास्तर टेबलापासून लांब असतो, व्हाइसचा आवाज घाबरल्यामुळे बारीक निघतो, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत ढोल सुरू होतो. यावर उपाय एकच: बँडमास्तरला व्हाइस दिसेल अशी जागा द्यायची, आणि दुपारी एकदा पोराकडून ते वाक्य मोठ्याने म्हणून घ्यायचं.

हे सगळं इंग्रजांची नक्कल म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. राष्ट्रगीत पूर्ण वाजवायला सुमारे ५२ सेकंद लागतात. त्याची एक संक्षिप्त आवृत्तीही आहे, पहिली आणि शेवटची ओळ, सुमारे २० सेकंदांची. ती कधी वाजवायची हे भारत सरकारच्या आदेशात लिहिलंय: मेसमध्ये टोस्ट घेताना. म्हणजे प्रजासत्ताकाने हा प्रसंग नजरचुकीने राहू दिला नाही. विचार करून आपला केला, राजाच्या जागी राष्ट्रपती आणले आणि त्याला राष्ट्रगीताचं माप ठरवून दिलं.

पण एवढ्याने वाद संपला असं मी म्हणणार नाही, कारण या टेबलाचा जुना इतिहास सुखाचा नाही. १९२३ मध्ये इंग्रजांनी हिंदी अधिकाऱ्यांसाठी आठ पलटणी वेगळ्या काढल्या. हेतू उघड होता: गोऱ्या अधिकाऱ्यावर काळ्याच्या हाताखाली काम करायची वेळ येऊ नये. मराठ्यांची ५/५ रॉयल (म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पाचवी बटालियन) ही त्यातलीच एक. १/१४ पंजाब ही दुसरी. ज्या मेसची मी एवढी तरफदारी करतोय, तिथे आपल्या माणसांना एकेकाळी मोजून-मापून बसवलं होतं. मेसच्या चांदीच्या वस्तूंवर कोरलेली कितीतरी नावं ज्यांची आहेत, त्यांना आपण शेजारी बसलेलं आवडलं नसतं. हे वाचूनही काही ज्येष्ठ म्हणतात की जाऊ दे, झालं गेलं. मला ते इतक्या सहज सोडून देता येत नाही.

त्या १/१४ पंजाबबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या मनात हा सगळा प्रश्न तिथे येऊन अडकतो.

कोल्हापूरकडचे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, पुढे लेफ्टनंट जनरल आणि ईस्टर्न कमांडचे प्रमुख, १९२६ मध्ये इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीतून कमिशन घेऊन या पलटणीत आले. १९२८ मध्ये कमिशन मिळालेला आणखी एक तरुण याच पलटणीत आला. त्याचं नाव अयूब खान, पुढे पाकिस्तानचा राष्ट्राध्यक्ष. एकाच मेसचे दोघे सबाल्टर्न, म्हणजे कनिष्ठ अधिकारी. सबाल्टर्न म्हणजे काय हे बाहेरच्याला समजवायचं तर: जेवण रोज एका टेबलावर, चुकीचा दंड एकत्र, ज्येष्ठांची बोलणी एकत्र, आणि महिनाअखेरीला मेस बिल बघून एकच चिंता. गोऱ्यांच्या फौजेत बाजूला काढलेल्या पलटणीत ही माणसं एकमेकांना धरून मोठी झाली. १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या अराकानमधल्या कांगॉच्या लढाईत ५१ ब्रिगेडच्या तीन बटालियनांचे सीओ हिंदी होते: थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन. आठ पलटणींच्या कुंपणामागे काय तयार झालं होतं, ते तिथे दिसलं.

मग १९४७. फौजेची वाटणी साधारण दोनास एक या प्रमाणात झाली. घोडदळाच्या अठरा रेजिमेंट होत्या, बारा इकडे, सहा तिकडे. गोरख्यांच्या दहा, त्यातल्या सहा भारताला आणि चार ब्रिटनला. पायदळाच्या आठ रेजिमेंट पाकिस्तानला गेल्या, आणि त्यात १४ पंजाब होती. सेन यांनी कांगॉला जी बटालियन लढवली तिची बलूच रेजिमेंटही गेली. म्हणजे थोरातांची पहिली मेस, ज्या टेबलावर ते मिस्टर व्हाइसच्या वयाचे होते ते टेबल, पुरं परदेशात गेलं. पलटण कोणाची हे कागदावर ठरवता येतं. वीस वर्षांच्या जेवणांची वाटणी कशी करणार?

६ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीच्या जिमखाना क्लबमध्ये भारताच्या बाजूच्या अधिकाऱ्यांनी पाकिस्तानला निघालेल्या सोबत्यांना निरोपाची मेजवानी दिली. करिअप्पांनी (पुढे आपले पहिले भारतीय सेनाप्रमुख) पाकिस्तानला निघालेल्या ब्रिगेडियर रझांच्या हाती चांदीची एक ट्रॉफी दिली: एक हिंदू आणि एक मुसलमान जवान शेजारी उभे, दोघांच्या बंदुका एकाच शत्रूवर रोखलेल्या. मेसची रीतच ती. पलटण सोडणारा अधिकारी चांदीची वस्तू ठेवून जातो, पलटण त्याला वस्तू देते, त्यावर नाव आणि साल कोरलेलं असतं. त्या रात्री अख्ख्या फौजेने अख्ख्या फौजेला तशी भेट दिली. हात हातात घेऊन निरोपाचं गाणं झालं. अनेकांना खरोखर वाटत होतं की वर्षातून एकदा पोलोला, शिकारीला भेटत राहू.

२२ ऑक्टोबरला टोळीवाले काश्मिरात शिरले. २७ ऑक्टोबरला १ सिख ही पलटण श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरली. तीन महिन्यांच्या आत ती ट्रॉफी खोटी ठरली.

की नाही ठरली? इथेच माझं माझ्याशी पटत नाही. काही वर्षांपूर्वी मी ठामपणे म्हटलं असतं की मेसचा स्नेह राजकारणापुढे टिकला नाही, म्हणजे तो वरवरचा होता, सगळा चमच्यांचा खेळ. आज तसं म्हणवत नाही. एका टेबलावर वाढलेली माणसं समोरासमोर उभी राहिली, तेव्हा त्यांनी आपापल्या पलटणीचं काम चोख केलं. त्या टेबलाने त्यांना शिकवलं होतं ते तेच. पण मग स्नेहाचं काय झालं, हे मला नीट सांगता येत नाही. अयूब जानेवारी १९५१ मध्ये पाकिस्तानचे पहिले पाकिस्तानी सेनाप्रमुख झाले. थोरात इकडे पुढे चीनच्या सीमेची काळजी वाहत होते. दोघांच्या पहिल्या मेसची चांदी तिकडे.

चांदीबद्दल एवढं लिहिलं, तर ती सांभाळतात कशी तेही सांगतो, कारण मेसचा जिव्हाळा कशाला म्हणतात ते मला भाषणांपेक्षा या कामात जास्त दिसतं. स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टक्के चांदी. तिला पितळेचं पॉलिश कधीही लावायचं नाही, ते खरखरीत असतं आणि कोरलेली अक्षरं वर्षागणिक उथळ होत जातात. चांदीचं पॉलिश, मऊ सुती कापड, सरळ रेषेत हात. नक्षीच्या खोबणीतला काळेपणा मुद्दाम ठेवलेला असतो, तो घासून काढला की नक्षी सपाट दिसते. पोकळ बुडाच्या मेणबत्तीदाण्यांत डांबर किंवा प्लास्टर भरलेलं असतं. त्या गरम पाण्यात बुडवल्या की आतलं मऊ होऊन दांडा वाकडा होतो. रबरबँड आणि लोकरीचं कापड यांत गंधक असतं, त्यात गुंडाळलेली चांदी कपाटात बसल्या बसल्या काळी पडते. आणि मीठदाणी त्याच रात्री रिकामी करून धुवायची. मिठाने चांदीला खड्डे पडतात आणि ते कुठल्याच पॉलिशने जात नाहीत. सेक्रेटरी बदलला की यादी हातात घेऊन एकेक चमचा मोजला जातो. पूना हॉर्स या घोडदळाच्या रेजिमेंटकडे निशाणावरचा चांदीचा हात आहे, १८५७ मध्ये इराणात खुशाबच्या लढाईत हाती आलेला. तो इराणी फौजेचा, जिंकला कंपनीच्या फौजेने, जपतात आपली माणसं. कोणाचा म्हणायचा तो?

विचारणारे आणखी एक विसरतात. मेसमध्ये डिनर नाइट हा सणासुदीचा भाग. बाकीचा महिना साधा असतो. तंबोल्याच्या रात्री घरच्या बायका-मुलं येतात: तिकिटावर पंधरा आकडे, तीन ओळी, एक ते नव्वदपर्यंतची पुकार, आणि खोटा दावा केला की 'बोगी' म्हणून तिकीट बाद. कर्नलच्या आईचं तिकीटही बाद होतं. बढती झाली की नवे स्टार रमच्या पेल्यात भिजवून खांद्यावर चढतात. आणि बडाखान्याला अधिकारी जवानांबरोबर एकाच पंगतीत जेवतात, तिथे ना व्हाइस ना पोर्ट. मराठा लाइट इन्फन्ट्रीत ४ फेब्रुवारीला, सिंहगडच्या दिवशी, जो जयजयकार उठतो त्याला कोणी इंग्रजांची नक्कल म्हणून दाखवावं.

बदल होऊ नये असं माझं म्हणणं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदलाने मेसमध्ये कुर्ता-पायजम्याला परवानगी दिली: एकरंगी कुर्ता, लांबी गुडघ्याच्या जरा वर, बाह्यांना कफ, वर बिनबाह्यांचं जॅकेट. मला ते आवडलं. कपडा बदलला आणि मोजमाप राहिलं, म्हणजे मेस मेसच राहिली. उद्या पोर्ट जाऊन दुसरं काही सुरईत आलं तरी माझी हरकत नसेल, फक्त ती डावीकडेच फिरावी. पण चांदीवरची जुनी गोरी नावं ठेवायची की कपाटात टाकायची, हा वाद निघाला की मी दोन्ही बाजूंशी भांडतो. ती वितळवून टाका म्हणणाऱ्याला मी थोरातांची मेस सांगतो. ती जशीच्या तशी मिरवणाऱ्याला १९२३ ची आठ पलटणींची यादी सांगतो, ५/५ मराठ्यांसकट.