२०११च्या अंकावरचा आमचा हक्क

प्रबंधाच्या अखेरच्या दुरुस्त्या करीत असलेली मृदाशास्त्राची एक विद्यार्थिनी सकाळीच विद्यापीठ ग्रंथालयात माझ्याकडे आली. एका ई-जर्नलमधील २०११चा जो लेख तिने गेल्या वर्षी आमच्याच संगणकावर वाचला होता, त्याच्या जागी आता डॉलरमधील किंमत दिसत होती. "मॅडम, आपण वर्गणी बंद केली का?" असे तिने विचारले. वर्गणी आम्ही २०१६ नंतर बंद केली होती हे खरे. पण २००९ ते २०१६ या काळातील अंकांचे पैसे तर भरलेले होते.

शोध घेतल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. ते जर्नल जानेवारीपासून दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले होते आणि त्याच सुमारास त्याचे नावही बदलले होते. नाव लक्षणीय बदलले की आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख क्रमांकही नवा मिळतो. त्यामुळे नव्या क्रमांकाने पाहणाऱ्याला आमच्या जुन्या वर्गणीचा मागमूसही लागत नव्हता.

केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सामाईक वर्गणी योजनेतून १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स सरकारी उच्चशिक्षण संस्थांना मिळू लागली, तरी हे जर्नल त्या यादीत नव्हते. ई-जर्नलांच्या प्रती सांभाळून ठेवणाऱ्या क्लॉक्ससारख्या जतन-व्यवस्थेचाही येथे उपयोग नव्हता, कारण तेथील मजकूर कोणत्याच प्रकाशकाकडे उपलब्ध राहिला नाही तरच खुला होतो.

राहिला मूळ करार. छापील अंक बांधून कपाटात ठेवला की तो आपला असतो. ई-जर्नलच्या बाबतीत आपल्या हाती असतो तो केवळ परवाना, आणि त्यातील एखाद्या कलमावर पुढील कित्येक वर्षांचे वाचन अवलंबून असते. माझ्या मते हा कागद लेखा विभागाच्या फायलीत बिलाला टाचून ठेवण्याची वस्तू नाही, पण आमच्याकडे तो नेमका तेथेच सापडला. वर्गणीच्या काळात प्रकाशित झालेले अंक वर्गणी संपल्यानंतरही वाचण्याचा हक्क संस्थेकडे राहील, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

मग नव्या प्रकाशकाला पत्र लिहिले. जुना व नवा आयएसएसएन, वर्गणीची वर्षे, दरवर्षीची देयके, विद्यापीठाचे आयपी पत्ते (इंटरनेटवर आमचे संगणक ओळखण्याचे क्रमांक) आणि कराराची प्रत असे सारे सोबत जोडले. जर्नल हस्तांतरित होताना जुन्या प्रकाशकाने कायमस्वरूपी प्रवेशाचे हक्क असलेल्या ग्राहकांची माहितीही नव्या प्रकाशकाकडे सोपवावी, असे नीसो या मानक संस्थेची 'ट्रान्सफर' आचारसंहिता सांगते. तिचाही उल्लेख केला. ही संहिता ऐच्छिक आहे, पण दोन्ही प्रकाशकांनी ती स्वीकारलेली असल्याने तिचा आधार घेता आला.

संध्याकाळी उत्तर आले. हस्तांतरणाच्या वेळी केवळ चालू वर्गणीदारांची यादी पोहोचली होती. वर्गणी बंद केलेल्या संस्था तिच्यात नव्हत्या. आमची आठ वर्षे त्यांनी त्याच रात्री खुली केली. विद्यार्थिनीला लेख मिळाला, आणि तिच्या विभागातील इतरांनाही तो काळ पुन्हा वाचता येऊ लागला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बंद केलेल्या प्रत्येक जर्नलची नोंद करायला घेतली आहे: जुनी-नवी नावे, दोन्ही क्रमांक, हक्काची वर्षे आणि कराराचे कलम. काही करारांमध्ये असे कलमच नाही. ती जर्नल्स वेगळ्या यादीत काढली असून नूतनीकरणाच्या बोलणीत ते कलम प्रथम मागायचे, असे ग्रंथालय समितीने मान्य केले आहे.